दुधी म्हणजे कोणता रंग?

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मावशी भिंतीला तेल चोपडत होत्या. आधी बोटभर तेल, मग कुस्करलेलं केळं, मग लाल मेणखडूची आडवी रेघ, शेवटी शाईचा थेंब. पुढच्या खोलीच्या भिंतीवर पाटाएवढे सहा चौकोन रंगवलेले होते आणि सगळ्यांचा सारखाच पाहुणचार चालला होता. खाली पातेल्यात साबणाचं पाणी, त्यात जुन्या बनियनचा तुकडा. डाग वाळले की पुसायचे. पुसल्यावर जो चौकोन पहिल्यासारखा होईल तो पास, बाकीचे नापास.

"लोक बाळाला तेल लावतात, ही भिंतीला लावते," काका म्हणाले. काका म्हणजे मावशींचे यजमान. ते टपाल वाटतात. भागातल्या सगळ्या घरांचे दरवाजे त्यांना पाठ आहेत, आतली भिंत त्यांनी सहसा पाहिलेली नसते. घर कसं असावं याबद्दल त्यांची मतं तरीही ठाम आहेत.

"बाळं तेल लावून भिंतीलाच टेकतात," मावशी म्हणाल्या. "मी मधला टप्पा गाळला."

मावशी म्हणजे पाळणाघरवाल्या मावशी. तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढी त्यांची जागा. पुढची खोली दिवसभर मुलांची, उरलेल्या वेळात घराची. या खोलीत चालायला शिकलेली काही मुलं आता मिशा घेऊन रस्त्यावर भेटतात आणि मावशींना पाहून बाजूने निघून जायला बघतात, कारण कोण कोणाला चावलं होतं हे मावशी विसरत नाहीत.

आठ वाजता परीक्षक आले. सध्याच्या तुकडीत अकरा जण आहेत. त्यातली कप्तान वरच्या मजल्यावर राहते, अडीच वर्षांची आहे आणि अजून कोणाचा हुकूम तिने ऐकलेला नाही. चिकट्या तिच्यापेक्षा लहान आणि नावाप्रमाणे चिकट. कप्तानने चौकोनांसमोरून एक फेरी मारली आणि पाचव्याला चमच्याने बडवलं. चिकट्याने तिसरा चाटून पाहिला. कोणीतरी चाटणारच हे धरून उग्र वासाचा रंग मावशींनी दुकानातच नाकारला होता.

दुपारी निकाल लागला. बिनचकाकीचे दोन चौकोन मखमलीसारखे दिसत होते, पण केळं त्यांनी पोटात घेतलं आणि परत दिलं नाही. चकचकीत दोघांवरून सगळं पुसलं गेलं, मात्र खिडकीतून ऊन आल्यावर ते आरशासारखे डोळ्यांत मारू लागले. आरसा या घरात बाद होता. मधल्या चकाकीचे दोन उरले. दुकानदार त्याला सॅटिन म्हणतो, मावशी 'फार न हसणारा' म्हणतात. तो पास झाला.

आरसा बाद का, हे सांगायला हवं. कारण भिंतीला तेल लावण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

सात वर्षांपूर्वी काकांनी हौसेने पुढच्या खोलीत पांढरीशुभ्र चकचकीत फरशी बसवली. भिंतीही पांढऱ्याच होत्या. फरशी आरशासारखी दिसेल असं काका म्हणाले होते आणि ती दिसलीही. कप्तान तिच्यावर ओणवी होऊन स्वतःच्या नाकपुड्या बघत असे. पण मावशींच्या सासूबाईंचे डोळे त्या वर्षांत अधू होत गेले. डॉक्टर म्हणाले, यांना रंग कळतील, फिकटाशेजारी फिकट आलं तर कड कळणार नाही. सासूबाई ते सोप्या भाषेत सांगत: "मला खोलीच दिसत नाही गं. नुसतं धुकं दिसतं, आणि धुक्यातून पोरं ओरडतात."

मग एकदा पांढऱ्या फरशीवर दूध सांडलं. कोणाला दिसलं नाही. सासूबाई पडल्या, मनगट मोडलं.

मनगट जुळून आलं, पण सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर यायच्या बंद झाल्या. त्याआधी रोज अकरा वाजता त्या एकट्या बाहेर येत, खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसत आणि बूट हरवलेल्या सिंहाची गोष्ट सांगत. सिंहाला बूट कुठे सापडायचा ते रोज बदलत असे. गोष्ट संपली की मुलं जेवत आणि झोपत. आता आजी बाहेर येत नाहीत, तर झोपही नाही. दुपारी अकरा जण अकरा दिशांना. मावशींनी दहा वेळा म्हणून पाहिलं, आई, मी हात धरते, चला. उत्तर एकच:

"धरून नेणार असाल तर मी येत नाही. मी काय नवरी आहे, की चोर?"

म्हणून ठरलं ते एवढंच: खोली अशी करायची की सासूबाई तिच्यात एकट्या चालतील. पाळणाघराला गुरुवार ते रविवार सुट्टी दिली. रंगाची जात ठरली होती. छटा बाकी होती.

"रंग मी सांगणार," आतून आवाज आला. "माझ्यासाठी चाललंय ना? मग दुधी."

मावशी क्षणभर थबकल्या. पांढरा घालवून पुन्हा दुधी? पण गेले कित्येक महिने ज्या बाईने 'मला काही नको' याखेरीज काही मागितलं नव्हतं, ती काहीतरी मागत होती. पांढऱ्याचं काय ते फरशीत बघून घेऊ, असं मावशींनी मनाशी ठरवलं आणि काकांना दुकानात पिटाळलं.

दुकानात दुधी म्हटल्यावर समोर पंखा उघडावा तशा पट्ट्या उघडल्या गेल्या. साय, चांदणं, राजहंस, शांतता. शांतता नावाचा रंग पाळणाघराला लावणं ही ग्राहकांची फसवणूक झाली असती. काकांनी साय घेतली.

गुरुवारी रंगारी आला. बारीक माणूस, डोक्यावर कागदाची टोपी. रंगाचे थर तो हातांत मोजतो: पहिला हात, दुसरा हात. दुपारपर्यंत त्याचा पहिला हात मारून झाला होता. कप्तान तिथेच होती, कारण तिची आई नर्स आहे आणि आजारी माणसांना गुरुवार ते रविवार सुट्टी नसते. काकांनी आईला कोपराला धरून उंबरठ्यापर्यंत आणलं. सासूबाईंनी तिथे पोचताच कोपर सोडवून घेतलं.

"आई, बघ. दुधी."

"कुठंय?"

"समोर."

"समोर तर दूध आहे."

"हो, मग? दूधच. दुधी!"

"अरे माझ्या कर्मा," सासूबाई म्हणाल्या. "दुधी रे, दुधी! भोपळा!"

रंगाऱ्याचा रोलर जागच्या जागी थांबला. त्यातून एक ओघळ निवांतपणे खाली आला.

"दुधी म्हणजे दुधासारखा," काका म्हणाले. "आईसारखी आई असून तुला एवढं माहीत नाही?"

"दुधी म्हणजे दुधीसारखा. तुला वाढवताना किती दुधी घातला मी तुला. रंग विसरलास?"

"मी डोळे मिटून खायचो."

रंगाऱ्याला राहवलं नाही. "आजी, मी तर धरून चाललो होतो, दुधी म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीला असते ती. दुधी काच. आरपार दिसत नाही ती."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझ्या टोपीवर सगळेच रंग आहेत, तुला काय फरक पडतो?"

मावशी रंगाच्या डब्यावर बसल्या होत्या, कारण हसून हसून त्यांना उभं राहता येत नव्हतं. जन्मभर एका चुलीवरचं जेवलेली मायलेकं, तिसरा रंगारी, एक शब्द, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी वस्तू. "आई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, निदान भोपळा तरी म्हणायचं."

"भोपळा म्हटलं असतं तर यानं लाल आणला असता."

काकांनी ते मान्य केलं. त्यांनी लालच आणला असता.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या घराचं तर दुधानेच पोळलं होतं. यापुढे शब्दावर विसंबायचं नाही, वस्तूच दुकानात न्यायची असं ठरलं. शुक्रवारी सकाळी काकांनी तीन दुधी आणले. सासूबाईंनी पलंगावर बसून तिघांनाही नख लावून पाहिलं.

"हा घे. कोवळा आहे."

"आई, रंगवायचाय. शिजवायचा नाहीये."

"जून दुधी पांढरट पडतो. पुन्हा साय आणशील."

काका दुधी काखेत धरून निघाले. टपालाच्या भागातून ते वर्षानुवर्षं काखेत पाकिटं घेऊन हिंडतात, त्यामुळे वाटेत चार जणांनी विचारलं, "काका, हा कोणाच्या नावावर आलाय?" पाचव्याने सही करायला पेन काढलं.

रंगाच्या दुकानात एक छोटं यंत्र असतं. कशावरही टेकवलं की तो रंग वाचतं आणि तसाच मिसळून देतं. लोक त्यासाठी पडद्याचा तुकडा आणतात, बटण आणतात. दुकानदाराने दुधी गल्ल्यावर आडवा ठेवला आणि गंभीरपणे सगळीकडून पाहिला.

"काका, कुठला घेऊ? देठाकडे गडद आहे. बुडाकडे फिकट. आणि इथे कोणीतरी नख लावलंय."

काकांनी घरी फोन लावला. सासूबाईंचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू गेला.

"पोटाचा! पोटाचा रंग घे!"

रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी देठाची बाजू उचलून धरली. त्यांच्या पुढचा माणूस म्हणाला, खोली पूर्वेकडे उघडत असेल तर बुडाचाच घ्यावा. दुकानदाराने यंत्र पोटावर टेकवलं. डबा घुसळून झाला तेव्हा झाकणावर छटेचं नाव लिहायचं होतं आणि नाव कुठेच नव्हतं. त्याने जाड पेनने लिहिलं: 'भोपळा, पोट'.

शनिवारी दुपारपर्यंत दोन हात झाले. तिसरा कप्तानने मारला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाचही बोटांसकट. रंगाऱ्याने तो सारखा केला. ती जाऊन पुन्हा मारून आली. तिसऱ्या खेपेला रंगाऱ्याने तिला कोरडा ब्रश आणि आधीच रंगवून झालेला दरवाजा दिला. त्यानंतर तासभर दोघं शेजारी शेजारी, एकमेकांशी न बोलता, कामाला लागलेले होते.

भिंत झकास दिसत होती. कोवळी, शांत हिरवी, फार न हसणारी. आता जमीन.

जुनी फरशी फोडायला वेळ नव्हता आणि धूळही नको होती. तिच्यावरच व्हिनाईलच्या पट्ट्या चिकटवायच्या ठरल्या. पायाला थंड लागत नाहीत, पोर आपटलं तर दगडापेक्षा मऊ, आणि दिवसात काम होतं. दुकानातून नमुन्याचे मोठे तुकडे आले. मावशींनी ते मधोमध पसरले, त्यांच्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि यजमानांकडे पाहिलं.

"अहो, मोजे घाला."

"मी का?"

"तुमचं वजन आहे. आणि मागची फरशी तुम्हीच पसंत केली होती."

काकांनी मोजे घातले आणि पहिल्या तुकड्यावर पाय ठेवला. तो गुळगुळीत होता. काका थेट दरवाज्यापर्यंत गेले, रंगाऱ्याला मिठी मारून थांबले आणि म्हणाले, "हा नको." कप्तानने "पुन्हा!" असा हुकूम सोडला. विज्ञानाच्या नावाखाली काका पुन्हा गेले. मग तिसऱ्यांदाही गेले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "बास. आता तुम्ही खेळताय." खरखरीत तुकड्यांवर मात्र काका ओल्या मोज्यांनी उड्या मारल्या तरी खिळल्यासारखे उभे राहिले. त्यातलाच एक फिकट, सायीच्या रंगाचा, लाकडाच्या रेघा असलेला तुकडा त्यांनी छातीशी धरला. लाकडी जमीन हे त्यांचं जुनं स्वप्न. त्यांच्या टपालाच्या भागात एका दारातून ती दिसते.

तो हिरव्या भिंतीशी लावून ठेवला आणि सासूबाईंना हाक मारली. त्या उंबरठ्यावर आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"भिंत छान आहे," त्या म्हणाल्या. "आता दुधीच आहे. पण जमीन कुठून सुरू होते?"

काकांनी पायानेच कड दाखवली.

"असेल. मला नाही दिसत. असू दे रे, पोरांना आवडली ना, झालं." आणि त्या भिंत चाचपत मागे वळल्या.

ओले मोजे, हिरवी भिंत, आणि रविवारी सकाळी पट्ट्या बसवणारे येणार. मावशी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेल्या. सासूबाई पाण्यासाठी तिथेच आल्या होत्या. दुकानात जाऊन आलेला दुधी ओट्यावर पडला होता. सासूबाईंनी जाता जाता हात पुढे केला आणि तो उचलून बाजूला ठेवला. चाचपडल्या नाहीत.

मावशींच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आई, हा तुम्हाला कसा दिसला?"

"न दिसायला काय झालं? ओट्यावर मला सगळ्यात छान तोच दिसतो. म्हणून तर दुधी म्हटलं."

मावशींनी दुधाचा पेला भरला आणि ओट्यावर ठेवला. "हे?"

"दूध. पेला भरलेला आहे. कोणाला, मला?"

मावशींनी पेला सासूबाईंच्या हाती दिला, दुधी उचलला, पुढच्या खोलीत पळत गेल्या आणि तो जुन्या पांढऱ्या फरशीवर ठेवला. "आई, या हो इकडे. समोर काय आहे?"

सासूबाई उंबरठ्यावर आल्या. "काय आहे? ठेवलंयस का काही?"

दुधी त्यांच्यापासून दोन पावलांवर होता.

मावशींनी मान वळवून स्वयंपाकघरातल्या ओट्याकडे पाहिलं. ओटा काळ्या दगडाचा होता.

त्यानंतरच्या गोंधळात कोणी काय केलं ते सांगणं अवघड आहे, कारण सगळेच एकदम बोलत होते. नमुने पुन्हा ओळीने मांडले गेले. दुधी एकेकावरून घरंगळत सोडायचा आणि सासूबाईंनी उंबरठ्यावरून 'दिसला' की 'गेला' ते ओरडायचं. काका सोडत, कप्तान अडवी, रंगारी काम थांबवून पंचगिरी करत होता.

"गेला!"

"आई, नीट बघ."

"गेला म्हटलं ना! पुढचा."

करड्यावर दुधी अर्धवट दिसला. मातकटावर थोडा जास्त. मग जळक्या विटेसारखा गडद, खरखरीत तुकडा आला आणि दुधी त्यावरून लडबडत निघाला.

"दिसला! तो बघ, तो बघ, कपाटाखाली चालला! अगं धरा त्याला!"

दुधी खरंच कपाटाखाली चालला होता. कप्तानने सूर मारून त्याला पकडला. तो तुकडा हिरव्या भिंतीशी लावला. सासूबाईंनी हवेतच बोट धरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कड बरोबर आखून दाखवली.

काकांनी शेवटची तक्रार नोंदवली. "गडद जमिनीवर कण न् कण दिसेल. दिवसभर पुसत बसशील."

"दिसू दे," मावशी म्हणाल्या. "दिसलं तर पुसता येतं. पांढऱ्यावर दूध दिसलं नाही, म्हणून तर आई पडल्या."

काकांनी मान हलवली. मग काहीतरी उमगून त्यांचा चेहरा उजळला. "थांबा. म्हणजे गडद जमिनीला साय पण चालली असती! म्हणजे माझा दुधी बरोबर होता!"

"चालला असता," सासूबाई म्हणाल्या. "पण मी दूध म्हटलं नव्हतं."

रविवारी पट्ट्या बसवणारे आले आणि चारच्या सुमारास गेले. रंगाऱ्याचं काम संपलं होतं, तरी 'विसरलेला ब्रश न्यायला' तो आला. खुर्ची खिडकीपाशी ठेवली. मावशींनी आत जाऊन सांगितलं, "आई, झालंय," आणि लगेच बाहेर आल्या.

कोणी बघायचं नाही असं ठरलं होतं. काका दोनदा पुसून झालेला पंखा पुन्हा पुसत होते. मावशी एकच चादर उलटसुलट घडी करत होत्या. रंगारी नखांतला वाळलेला रंग काढत होता, आणि तो शोधायला आलेला ब्रश त्याच्या कानामागे होता. उघडपणे बघत होती ती फक्त कप्तान.

सासूबाई उंबरठ्यावर आल्या. खाली पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा खाली. हात हवेत होते, पण कशालाही लागलेले नव्हते. पहिलं पाऊल पायाच्या बोटांनी चाचपून. दुसरं तसंच. तिसरं नेहमीसारखं. कपाटाला वळसा घालताना त्या थोड्या थांबल्या. पंखा पुसायचा थांबला. त्या वळल्या आणि चालत राहिल्या. कप्तान मागोमाग हात पाठीशी बांधून, पोलिसासारखी.

खुर्चीच्या पाठीला हात लागला. सासूबाई बसल्या.

"ही पुढे कोणी ओढली? पूर्वी अशी नव्हती. मागे घ्या, ऊन येत नाही."

"घेतो, आई," काका म्हणाले. ते स्टुलावरून उतरले, पण वळताना त्यांनी पुसायच्या फडक्याने नाक पुसलं आणि कपाळापर्यंत काळे झाले. सासूबाई हसल्या. हे त्यांना दिसलं होतं.

कप्तान गडद जमिनीवर मांडी घालून बसली. "शिंव," तिने फर्मावलं.

"आज सुट्टी आहे," सासूबाई म्हणाल्या. "सिंहालाही. उद्या ये."

दुधीला एव्हाना दोन ठिकाणी नख लागलं होतं आणि तो एका बाजूने मऊ पडला होता. मावशींनी तो त्याच संध्याकाळी चिरला. काकांनी डोळे उघडे ठेवून खाल्ला.

उद्या सोमवार. पाळणाघराचं दार आठ वाजता उघडेल. सिंहाची गोष्ट अकराला आहे.